पंचवीस की पंच्याहत्तर पावले

नाव : कोळुवंड पूवय्या. वय : ६४ वर्षे. धंदा : कॉफीची शेती, त्यापूर्वी एकतीस वर्षे महाविद्यालयात इतिहासाचा अध्यापक. राहणार : मौजे कुंदुमाड, दक्षिण कोडगू.

मी आज शनिवार, दिनांक ९ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी साडेदहा वाजता, कोणी बोलावलेले नसताना, आपल्या पायांनी ग्रामीण पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो ते असे की :

मी वरील पत्त्यावर पत्नी पोन्नव्वा, मुलगी देच्चम्मा आणि माझे चुलते मंदण्णा यांच्यासह राहतो. मंदण्णा यांचे वय ब्याण्णव असून आमच्या घराण्यात त्यांच्याहून थोरले कोणी नाही. सगळी दरी त्यांना अज्जा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते जिवंत आहेत. या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच असल्याने ती आधी नोंदवून घ्यावी.

काल शुक्रवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी आमच्या घराण्याची ३१५ बोअरची रायफल पोलिसांनी ताब्यात घेतली. मृत्यूची खोटी वर्दी दिल्याची तक्रार माझा चुलतभाऊ कुट्टप्पा, राहणार म्हैसूर, याने दिली आहे. उद्या रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या मैदानावर गोळीने नारळ फोडण्याची स्पर्धा आहे. देच्चम्मा त्याच रायफलने उतरणार आहे. आमचे घर अकरा वर्षांनी उतरते आहे आणि अज्जांना ते पाहायचे आहे. पुढच्या वर्षाबद्दल ते बोलत नाहीत. रायफल उद्या आठच्या आत हातात यावी, एवढ्यासाठी हा जबाब आहे. इतर काही मागणे नाही.

आमच्या दरीतला रिवाज ठाण्यातील सर्वांना ठाऊक आहे, तरी कागदावर असावा म्हणून सांगतो. घरात मुलगा झाला की अंगणातून एक गोळी झाडतात. माणूस गेला की लागोपाठ दोन. दोन ऐकणारे शेजारचे घर आपल्या अंगणातून दोन झाडून निरोप पुढे पाठवते आणि मग पांढरे नेसून निघते. टेलिफोन येण्याआधीपासून हे चालत आले आहे आणि पावसाळ्यात टेलिफोन बंद पडतो तेव्हाही हे चालते. म्हणून रायफल तपासताना आमच्याकडे तीन गोळ्या झाडतात. दोनवर कोणी थांबत नाही. चालायला लागलेल्या पोरालाही हे माहीत असते, आणि मी तर चौसष्ट वर्षांचा आहे.

स्पर्धेचा नियम असा की नारळ तीस, साठ किंवा नव्वद पावलांवर टांगतात. यांपैकी कोणते अंतर, ते त्या दिवशी सकाळी चिठ्ठी उचलून ठरते. चिठ्ठी निघाल्यावर रायफलच्या माशीला, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेला, हात लावायचा नाही. प्रत्येक घराची एक रायफल, दोन नेमबाज, एकेक गोळी. त्यामुळे रायफल कोणत्या अंतरावर जुळवून न्यायची हा स्पर्धेतला अर्धा निकाल असतो. याला आम्ही अंतर बांधणे म्हणतो.

अंतर बांधणे म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगतो. गोळी सरळ जाते असे ज्यांना वाटते त्यांनी गोळी फक्त ऐकलेली असते. नळी नजरेच्या खाली असते. गोळी खालून निघते, नजरेच्या रेषेपर्यंत चढते, थोडी वर जाते आणि मग स्वतःच्या वजनाने उतरू लागते. सगळ्या अंतरांवर अचूक लागणारी रायफल जगात कोणी बनवलेली नाही आणि कोणी बनवल्याचे सांगितले तर तो खोटे बोलतो. माणसाने एक अंतर निवडायचे असते. त्या अंतरावर अचूक राहायचे आणि बाकीच्या अंतरांवर आपण किती चुकतो ते पाठ करून ठेवायचे. जो निवडत नाही तो सगळीकडेच थोडा थोडा चुकतो आणि दोष वाऱ्याला देतो. माझे हे मत मी एकतीस वर्षे वर्गात, अकरा निवडणुकांत आणि असंख्य लग्नांत मांडलेले आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबल म्हणाल्या, "सर, एवढं तपासात लागत नाही." मी म्हणालो, "तपासात एवढंच लागतं." त्या माझ्या विद्यार्थिनी होत्या, ही नोंद घेण्यास त्यांची हरकत आहे.

आता २०१२ सालची हकीकत. कुरणाच्या पलीकडे, भाताच्या खाचरांच्या दुसऱ्या काठाला, नेरियंड बेळ्ळियप्पा राहतात. वय ६६. ते माझ्या पत्नीचे थोरले भाऊ, आणि त्याआधी पहिलीपासूनचे माझे मित्र. आम्हा दोघांच्या हातात पहिल्यांदा बंदूक अज्जांनी दिली, एकाच दिवशी. त्यांच्या अंगणापासून माझ्या अंगणापर्यंत बांधावरून दोनशे दहा पावले होतात. मामाने भाचीच्या घरातर्फे उतरलेले चालते, त्या नियमाने त्या वर्षी ते आमची रायफल घेऊन उतरणार होते. ते म्हणाले, अंतर पंचवीस पावलांवर बांधू. मी म्हणालो, पंच्याहत्तरवर. यावर आम्ही आठ दिवस भांडलो. शेवटी नेम त्यांचा असल्याने पंचवीसवर बांधले. चिठ्ठी नव्वदची निघाली आणि त्यांची गोळी नारळाला लागली नाही.

बक्षीस समारंभात मी व्यासपीठावरून अकरा मिनिटे बोललो. समोर सहाशे माणसे असतील. त्या भाषणात जवळच्या अंतरावर बांधणाऱ्या माणसांबद्दल एक वाक्य होते. ते वाक्य जबाबात घेऊ नये. त्यावर टाळ्या पडल्या, हे घ्यावे.

त्या दिवसापासून बेळ्ळियप्पा यांनी बांध ओलांडला नाही. त्यांच्या उजव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता आणि त्यांनी तो कोणाला सांगितलेला नव्हता, हे मला पुढच्या जानेवारीत पत्नीकडून कळले. त्यानंतर मी दोनशे दहा पावले जाणे शक्य होते. गेलो नाही. कारण लिहिण्यासारखे नाही. पत्नी दर मंगळवारी जात असे आणि परत आल्यावर एरवी तिथले काही सांगत नसे. मीही विचारत नसे. ती बांधावरून येताना दिसली की मी ओसरीवर येऊन बसे, एवढेच.

काल शुक्रवारी सकाळी सात वाजता मी आणि देच्चम्मा रायफल घेऊन घरामागच्या चढावर गेलो. देच्चम्माचे वय २७, नोकरी बँकेत, नेम माझ्याहून चांगला. पाऊस उघडला होता. गेल्या रविवारी शस्त्रपूजा झाली तेव्हा नळीला बांधलेले कळलावीचे फूल सुकून अजून तसेच होते. ते तिने काढून खिशात ठेवले. सिल्व्हर ओकच्या बुंध्याला आम्ही पुठ्ठा लावला. त्यावर नारळाएवढे काळे वर्तुळ होते. मागे मातीची दरड आहे, पलीकडे वस्ती नाही. पंच्याहत्तर पावले मी स्वतः मोजली.

जाताना तिच्यात आणि माझ्यात बोलणे झाले ते असे :

"अप्पा, मामा पंचवीस म्हणायचे. एकदा पंचवीसवर मारून बघू दे ना."

"पंचवीसवर नारळ टांगतात का कुठे? पहिली खुंटीच तीसला आहे."

"पंच्याहत्तरला तरी कुठे खुंटी आहे?"

"पंच्याहत्तरमागे विचार आहे."

"आणि पंचवीसमागे?"

"पंचवीसमागे तुझा मामा आहे."

"म्हणजे विचार नाही असं म्हणायचंय तुम्हाला. सांगू अव्वाला?"

मी रायफल तिच्या हातात दिली.

७ वाजून २० मिनिटांनी तिने पंच्याहत्तर पावलांवरून पहिली गोळी झाडली आणि लगेच दुसरी. तिसरीला चाप ओढला, नुसता टक् आवाज आला. गोळी फुसकी निघाली. अशा वेळी नळी समोर ठेवून सावकाश शंभरपर्यंत मोजायचे, मग बोल्ट मागे घ्यायचा. तसे केले. गोळी काढून मी खिशात टाकली. ती आज मुद्देमाल म्हणून सोबत आणली आहे. यापुढचे काम एवढेच होते की ताबडतोब दुसरी गोळी भरून झाडायची. त्याऐवजी देच्चम्मा म्हणाली, "दोन्ही वर्तुळात आहेत. आता तिसरी मी पंचवीसवरून मारते."

यावर मी बोलू लागलो. काय बोललो ते सांगण्याची गरज नाही. मुद्दे चार होते. तिसऱ्यावर असताना ७ वाजून २९ मिनिटांनी खाचरांच्या पलीकडून, बेळ्ळियप्पा यांच्या अंगणातून, लागोपाठ दोन गोळ्यांचा आवाज आला.

माझे वाक्य अर्धे राहिले. ते पुढे पूर्ण झाले नाही.

बेळ्ळियप्पा घरात एकटे राहतात. त्यांची पत्नी वारली आहे, मुलगा सैन्यात आहे. मेलेला माणूस स्वतःच्या मृत्यूच्या गोळ्या झाडत नाही, हा साधा तर्क मला त्या वेळी सुचला नाही. मी चढावरून खाली, गोठ्यामागून, बांधावर आलो. चपला कुठे राहिल्या ते माहीत नाही. चौसष्टव्या वर्षी मला पळता येते हे मला ठाऊक नव्हते. वरच्या टेकडीवरून आणखी दोन गोळ्या आल्या, त्यानंतर नदीकडून दोन.

बांधावर समोरून एक माणूस पळत येत होता. अंगावर पांढरे, ओले, आणि हातात बंदूक. ते बेळ्ळियप्पा होते. आम्ही सात-आठ हातांवर थांबलो. ते माझ्याहून अधिक अंतर पळून आले होते, हे नमूद करावे.

ते म्हणाले, "कधी गेले?"

मी म्हणालो, "कोण?"

"अज्जा."

"अज्जा ओसरीवर तांदळाची ओट्टी खातायत. मध संपला म्हणून कुरकुर चाललीय. तू कसा आहेस?"

"मला काय झालंय?"

"तुझ्याकडून दोन आल्या."

"मी झाडल्या. तुझ्या दोन आल्या त्या पुढे पाठवल्या."

"माझ्या तीन होत्या."

"दोन होत्या, लेक्चरर. मोजायला मला अज्जांनीच शिकवलंय. अंगावर पाणी घेत होतो. तांब्या खाली ठेवून तिसरीची वाट पाहिली. पाच मिनिटं पाहिली. मग बंदूक काढली."

"तिसरी फुसकी निघाली."

"मग चौथी का नाही भरलीस लगेच?"

"बोलत होतो," मी म्हणालो.

बेळ्ळियप्पा बांधावर बसले. ते हसत होते की धापा टाकत होते, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. मीही बसलो. बांध ओला होता. तिथे काय घडले असे विचारल्यावरून सांगतो की काही घडले नाही. खाचरात बगळे होते.

७ वाजून ३८ मिनिटांनी आमच्या चढावरून एक गोळी झाली.

बेळ्ळियप्पा म्हणाले, "आता कोण जन्माला आलं?"

झाले होते असे की घोटाळा देच्चम्माच्या लक्षात आला होता. राहिलेली तिसरी झाडली तर दोनाच्या तीन होतील आणि निरोप रद्द होईल, असे तिला वाटले. पण दोनानंतर अठरा मिनिटांनी आलेली तिसरी ही तिसरी राहत नाही, ती नवी एक होते. दरीने असे ऐकले की कोळुवंडांकडे एक माणूस गेला आणि एक मुलगा झाला.

आठच्या सुमारास माणसे येऊ लागली. साडेआठपर्यंत अंगणात साठ-पासष्ट जण होते, सगळे पांढऱ्यात. पुढचा प्रकार माझ्यासमक्ष घडला. अज्जा आरामखुर्चीत होते. त्यांना कमी ऐकू येते. गर्दी पाहून त्यांनी ताट बाजूला ठेवले, सर्वांना नमस्कार केला आणि विचारले, "कोण गेलं?" उत्तराची वाट न पाहता ते म्हणाले, "पोन्नव्वा, माझा पांढरा कोट काढ. मीही येतो. कोण गेलं ते वाटेत सांगा."

माझ्या पत्नीने त्यांच्या कानाशी वाकून सांगितले, "अज्जा, तुम्हीच गेलाय."

अज्जांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मग घाई नाही. बसा सगळे. कॉफी टाक."

वरच्या आळीच्या अक्कम्मा, वय अंदाजे ऐंशी, बाळाला चाटवायला मधाची बाटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी देच्चम्माला आपादमस्तक पाहिले आणि म्हणाल्या, "तुझं लग्न झालेलं कुणी कळवलं नाही मला." देच्चम्मा म्हणाली, "मलाही नाही कळवलं, अज्जी." मधाची बाटली अज्जांनी ठेवून घेतली.

ज्या घरी माणूस जातो त्या घरी चूल पेटत नाही. आमच्याकडे कोणी गेलेले नसल्याने ती पेटवावी लागली, आणि पासष्ट माणसांसाठी पेटवावी लागली. रविवारसाठी म्हणून आणलेले डुकराचे मटण शुक्रवारीच शिजले. बायकांनी कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे गोळे, वळायला घेतले. त्यामुळे या प्रकाराने कोणाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. कुट्टप्पाचे मत वेगळे आहे, ते पुढे येईल.

बेळ्ळियप्पा पायरीशी उभे होते. ओसरीवर यावे की नाही, हे त्यांचे ठरत नव्हते. अज्जांनी चष्मा लावून त्यांच्याकडे पाहिले.

"कोण, बेळ्ळी?"

"हो, अज्जा."

"दोनशे दहा पावलं यायला अकरा वर्षं लागली तुला?"

"ऐकू आलं तसा आलो, अज्जा."

"मला वाटलं होतं मेल्याशिवाय येणार नाहीस. बरोबर निघालं."

नंतर देच्चम्मा पुठ्ठा घेऊन आली. तो अज्जांच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "अज्जा, माझी काहीतरी चूक झालीय. दोन गोळ्या पंच्याहत्तर पावलांवरून मारल्या. मग पंचवीसवर जाऊन एक. माशीला हात लावला नाही, नेम तिन्ही वेळा मधोमध धरला. तिन्ही भोकं एका विड्याच्या पानाखाली झाकली जातात. असं कसं?"

मी पुठ्ठा पाहिला. बेळ्ळियप्पांनी पाहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

अज्जा म्हणाले, "यात चूक कसली? गोळी नजरेच्या रेषेला दोनदा भेटते. चढताना एकदा, उतरताना एकदा. या रायफलची चढताना पंचवीसला भेटते, उतरताना पंच्याहत्तरला. माशी तीच. पंचवीसवर बांधली काय आणि पंच्याहत्तरवर बांधली काय, एकच. तिन्ही खुंट्यांवर अर्ध्या-पाऊण इंचाच्या वर चुकत नाही ती." मग आमच्याकडे वळून, "तुम्हा दोघांना ठाऊक नव्हतं हे?"

मला गोळी चढते हे ठाऊक होते आणि उतरते हेही ठाऊक होते. उतरताना ती रेषेला कुठे भेटते हे मी छातीठोकपणे सांगत असे. चढतानाही ती कुठेतरी भेटत असणार, असा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नाही. याला निष्काळजीपणा म्हणता येईल. गुन्हा म्हणता येईल का, ते साहेबांनी ठरवावे.

मी विचारले, "अज्जा, तुम्ही हे अकरा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "तू बोलत होतास. मला वाटलं, संपलं की सांगेन."

अंगणातील माणसे हसली. बेळ्ळियप्पाही हसले. या वेळी ते हसतच होते, हे मी खात्रीने सांगतो.

नंतर मी बेळ्ळियप्पा यांना परसात नेले आणि २०१२ सालच्या त्या वाक्याबद्दल बोललो. हे बोलणे अर्धा मिनिट चालले असेल. माझ्या आयुष्यातले इतके लहान भाषण मला दुसरे आठवत नाही. त्यावर ते म्हणाले, "डोळा माझा होता, मीच सांगायला हवं होतं. मटण करपेल, चल."

साडेदहा वाजता माझा चुलतभाऊ कुट्टप्पा म्हैसूरहून टॅक्सीने आला. त्याला सकाळी पावणेआठला कोणीतरी फोनवर कळवले होते. मुलीच्या सोयरिकीची बैठक अर्ध्यावर टाकून तो निघाला होता. हातात मोठा हार होता. फाटकापासूनच त्याने रडायला सुरुवात केली आणि पायरीपाशी आल्यावर त्याला अज्जा जेवताना दिसले.

अज्जा म्हणाले, "ये, कुट्टप्पा. हार आणलायस? घाल."

त्याने घातला नाही. तो अज्जांनी मागून घेतला आणि स्वतः घातला. वास चांगला आहे, असेही म्हणाले. कुट्टप्पा माझ्याकडे वळून म्हणाला, "अडीच तास मी रडत आलोय. ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून पाणी दिलं. त्याचं काय?" बेळ्ळियप्पा म्हणाले, "रडलेलं वाया जात नाही, कुट्टप्पा. पुढच्या वेळेला धरू." हे बोलायला नको होते. अंगणात जे हसले त्यांत मी होतो, हे कबूल करतो. कुट्टप्पा तसाच उलटा फिरला आणि ठाण्यात गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो, आणि जाण्याआधी वीस मिनिटे बोललो असतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आज सकाळी पत्नीने त्याला फोन केला होता. तो फारसे बोलला नाही, पण अज्जांनी सकाळी काय खाल्ले, एवढे त्याने विचारले.

खोटी वर्दी देण्याचा माझा किंवा माझ्या मुलीचा हेतू नव्हता. रायफलला परवान्यातून सूट असल्याचा दाखला चालू मुदतीतला असून सोबत जोडला आहे. गोळ्या वस्तीपासून दूर, दरडीत झाडल्या. चूक झाली ती तिसरी गोळी वेळेवर न झाडण्याची, आणि ती देच्चम्माची नाही. चापाशी ती होती. वेळ माझ्या बोलण्यात गेला.

बेळ्ळियप्पा माझ्यासोबत आले असून शेजारच्या टेबलावर त्यांचा जबाब चालू आहे. निरोप आपण पुढे पाठवला, सबब सर्व दोष आपला, असे ते सांगत असल्याचे मला इथून ऐकू येते. ते ग्राह्य धरू नये. त्यांनी रिवाजाप्रमाणे केले, आणि अनवाणी केले. स्पर्धेसाठी आमच्या घराचा दुसरा नेमबाज म्हणून माझे नाव दिले होते. काल दुपारी ते खोडून बेळ्ळियप्पा यांचे घातले आहे. मामा अजूनही चालतो. नियमावली वाचून खात्री केली आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली आहेत. मी प्रेक्षकांत अज्जांच्या शेजारी बसणार आहे आणि बोलणार नाही.

आता ठाणे अंमलदार साहेबांनी हे सर्व वाचले. रायफल आज संध्याकाळपर्यंत परत देता येईल, मात्र यापुढे तीन म्हणजे तीनच आणि लागोपाठ, अशी समज त्यांनी मला दिली. ती मान्य आहे. तोवर रायफल मुद्देमालाच्या खोलीत राहील. तिला आडवी ठेवावी, भिंतीला टेकवू नये आणि पुढच्या माशीला धक्का लागू देऊ नये, एवढी विनंती आहे. ती अंतर बांधलेली रायफल आहे.

कोणत्या अंतरावर बांधली आहे, ते पावतीवर लिहिण्यासाठी हेड कॉन्स्टेबल यांनी विचारले. पंचवीस पावले, असे मी सांगितले.

शेजारच्या टेबलावर हाच प्रश्न बेळ्ळियप्पा यांना विचारला गेला. त्यांनी पंच्याहत्तर सांगितले. दोन्ही जबाब बरोबर आहेत. विसंगती समजू नये.

एवढाच माझा जबाब. तो मला सावकाश वाचून दाखवला, मी शेवटपर्यंत मध्ये न बोलता ऐकला, आणि तो माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) कोळुवंड पूवय्या

समक्ष